गाजर, पपई, लिंबू, मोगरा

आमच्या मिस्त्रींना ‘डायनामो गेलाय’ असं सांगितलेलं मुळीच खपायचं नाही. आलेल्या माणसानं गाडीतून उतरता उतरता तसं म्हटलं, की ते हातातली पक्कड खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “कुठे गेलाय? इथेच तर दिसतोय.” माणूस ओशाळायचा. मग पुढचं वाक्य यायचं, “त्रास तुम्ही सांगा, रोग मी सांगतो.” मंडईमागच्या त्या गल्लीत हे वाक्य मी पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. पहिल्यांदा ऐकलं ते मलाच उद्देशून होतं, आणि मला भयंकर राग आला होता.

मिस्त्री मोटारींची विजेची कामं करायचे. बॅटरी, डायनामो, दिवे, हॉर्न. त्यापलीकडे इंजिनाला बोटसुद्धा लावायचे नाहीत. दुकान म्हणजे एका गोदामाच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. तिथे हा माणूस रोज पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करायचा. मी एकदा विचारलं, अहो, या धंद्यात पांढरा शर्ट? तर म्हणाले, “डाग पडल्याशिवाय कळणार कसं, तेल कुठून गळतंय ते?” पौर्णिमेला दुकान बंद. त्या दिवशी ते आणि त्यांच्या घरच्या काकू बुद्धविहारात जायचे. कुणी येऊन गाडी भर रस्त्यात बंद पडलीय म्हणून गयावया केली तरी उत्तर एकच, “तिला म्हणावं, उद्या पड.”

माझी गाडी म्हणजे सासऱ्यांची गाडी, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही तेव्हा नुकतेच वारज्याला राहायला आलो होतो आणि मला हिंजवडीला एका कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली होती. कंपनीची बस होती, पण ती सकाळी सातला यायची आणि सातला माझं काहीही झालेलं नसायचं. म्हणून गाडी. ती दर तीन-चार दिवसांनी सकाळी ढिम्म हलायची नाही. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. सोसायटीतले पुरुष ढकलायला यायचे आणि ढकलण्यापेक्षा मतंच जास्त द्यायचे. एका मेकॅनिकनं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं डायनामो नव्यानं गुंडाळून आणला, तिसरा म्हणाला, विकून टाका. नवरा तिसऱ्याच्या पार्टीत होता.

मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली. रोज किती चालवता? वाटेत किती वेळा बंद करता? पावसात वायपर लावला की दिवे मंदावतात का? शेवटचं मोठं काम कुणी केलं? मी वैतागून म्हटलं, “अहो, तुम्ही गाडी बघणार आहात की माझं लग्न जमवणार आहात?”

“ते झालेलं दिसतंय,” असं म्हणून त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला.

मग चष्म्याच्या डबीतून दिवा निघाला. मिस्त्री चष्मा वापरायचे नाहीत, डबी मात्र खिशात कायम. तिच्यात हेडलाइटचा एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. मीटर नाही, काटा नाही, काही नाही. त्यांनी आधी फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला. मग दिवा नुसत्या बॅटरीवर लावला. मग मला गाडी चालू ठेवायला लावून थेट डायनामोवर, मग परत बॅटरीवर. दर वेळी बल्बच्या तारेकडे एकटक बघत पुटपुटायचे, “लिंबू... मोगरा... परत लिंबू.”

मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. मंडईच्या शेजारी जन्म गेल्यावर होत असेल. पण ती त्यांची मापं होती. बॅटरी पार उतरली असेल तर दिव्याची तार तांबूस दिसते, ते गाजर. थोडा जीव असेल तर पपई. बॅटरी भरलेली पण गाडी बंद, तर लिंबू. गाडी चालू असून डायनामो बॅटरीला नीट खाऊ घालत असेल, तर मोगरा. आणि नको इतकं खाऊ घालत असेल तर त्या पांढऱ्यात निळी झाक येते, तो मुळा. मुळा म्हणजे बॅटरी उकळणार, पाणी आटणार, दिवे फुटणार. हे पाच रंग त्यांनी तरुणपणापासून बघून बघून पक्के केले होते. मला शेवटपर्यंत त्यातले दोनच कळले, पेटलेला आणि विझलेला.

“स्वयंपाक उत्तम झालाय, वाढायला कोणी नाही,” मिस्त्री म्हणाले. म्हणजे डायनामो वीज करत होता, ती बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. त्यांनी खाली वाकून इंजिनाला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडवली. आदल्या वर्षी कुणा हौशी कारागिरानं इंजिनाला छान हिरवा रंग दिला होता आणि पट्टी त्या रंगावरच घट्ट बसवली होती. रंगातून वीज जाते होय? मिस्त्रींनी तेवढी जागा पॉलिश पेपरनं घासली, पट्टी बसवली, दिवा परत बॅटरीवर लावला. मोगरा. झालं! एक बॅटरी, एक डायनामो, सगळे बिचारे निर्दोष. मला रडू की हसू ते कळेना.

पण तेवढ्यावर सोडतील तर ते मिस्त्री कसले. “आता हिला पोटभर चालवा,” म्हणाले आणि शेजारी बसले. भर दुपारी बाराच्या उन्हात, दोन्ही हेडलाइट लावून, वायपर कोरड्या काचेवर खरखरत, आम्ही खडकवासल्यापर्यंत गेलो. समोरून येणारा प्रत्येक जण हातानं खुणा करून सांगत होता, बाई, दिवे चालू आहेत. मिस्त्री प्रत्येकाला मान तुकवून नमस्कार करत होते. धरणाच्या भिंतीपाशी बॉनेट उघडून त्यांनी परत दिवा लावला, समाधानानं मान हलवली आणि मला परत फिरवलं. कणसं खायला थांबू म्हटलं तर म्हणाले, “तपासणीला आलोय, सहलीला नाही.” मी कणीस घेतलंच. त्यांनीही अर्धं खाल्लं.

त्या दिवसापासून माझी त्यांच्यावर भक्ती जडली, दुसरा शब्द नाही. पुढची सात-आठ वर्षं काही काम नसलं तरी मंडईत भाजीला गेले की मी शेडमध्ये डोकावायची. शहर तोवर भराभरा बदलत होतं. नव्या नव्या गाड्या येत होत्या, त्यांच्या पोटात कंप्युटर, आणि समोरच्या कोपऱ्यावर एक काचेचं दुकान झालं होतं. तिथे गाडीला यंत्र जोडलं की कागद बाहेर यायचा. मी मिस्त्रींना डिवचायला विचारलं, “बघितलंत का यंत्र?” तर म्हणाले, “बघितलं. काय बदलायचं ते सांगतं. का, ते विचारलं तर गप्प बसतं.” त्यांच्याकडे आता फक्त जुन्या गाड्या उरल्या होत्या आणि त्या गाड्यांवर जीव असलेली आमच्यासारखी हट्टी माणसं.

मग एका उन्हाळ्यात माझ्या गाडीनं नवंच सोंग काढलं. मिस्त्रींनी मार्चमध्ये चार्जिंग बघून दिलं होतं. “जरा कमी पडत होतं, पाव आटा चढवलाय,” म्हणाले होते. बॅटरी किती भरायची ते ठरवणारी एक काळी डबी असते, तिला कटआउट म्हणतात, तिच्यातला स्क्रू त्यांनी पाव फेरा पिळला होता. त्यानंतर महिन्याभरात दोन हेडलाइट फुटले. बॅटरीतलं पाणी आठवड्यात तळाला जायला लागलं. गाडीत बसलं की आंबूस, नाकाला झोंबणारा वास. परत दाखवायला गेले तर मिस्त्रींनी दिवा लावला, डोळे बारीक करून बघितलं, “अजून कमीच आहे,” म्हणाले आणि आणखी पाव आटा चढवला. त्या दिवशी शेडमध्ये आणखी एक गृहस्थ बॅटरी आटते म्हणून कुरकुरत बसले होते. जाताना मला हळूच म्हणाले, “मिस्त्रींचा हात गेला हो.” मी त्यांना असं काही बोलले की ते परत माझ्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत.

पण घरी आल्यावर चैन पडेना. सोमवारी कंपनीच्या लॅबमधून एक आकडे दाखवणारा मीटर मागून आणला आणि गाडी चालू करून बॅटरीला लावला. चौदा व्होल्टपर्यंत ठीक असतं, एवढं मला वाचून माहीत होतं. आकडा सोळाच्या वर गेला. म्हणजे मुळा! आणि ज्या माणसानं आयुष्यभर मुळा लांबून ओळखला, तो त्याला लिंबू म्हणत होता.

मी त्यांच्या घरी फोन केला. सुदैवानं काकूंनी घेतला. काकू महापालिकेच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. मी आडून आडून विचारायला लागले, तर त्यांनीच सरळ सांगितलं. “मोतीबिंदू आहे गं. दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं झाली. त्यानं सगळं पिवळट दिसतं. हजार माणसांच्या डोळ्यांत औषध घातलं मी, घरचा माणूस हात लावू देत नाही.”

“पण ऑपरेशन सोपं असतं ना आता?”

“सोपंच आहे. पण यांच्या भावाचं झालं आणि तो येऊन म्हणाला, सगळं निळसर दिसतंय, भातसुद्धा. तेव्हापासून यांनी हाय खाल्लीय. म्हणतात, डोळ्यात काच घातली आणि माझे पाच रंग गेले, तर मी कशाचा मिस्त्री?”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आपटली. मला भीती वाटत होती. सांगितलं नाही तर आणखी बॅटऱ्या उकळणार, माणसं तुटणार, नाव जाणार. सांगितलं तर हा माणूस मोडणार. आणि सांगायचं कुणी? काकूंचं ते ऐकत नव्हते. राहता राहिले मी.

शनिवारी सकाळी गेले. पर्समध्ये मीटर. मिस्त्रींनी नेहमीसारखा दिवा लावला. “लिंबूच,” म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “मिस्त्री, थांबा,” म्हटलं आणि मीटर लावून त्यांच्यासमोर धरला.

“सोळा पॉइंट दोन,” मी वाचून दाखवलं.

“आकडा कुणीही दाखवतं. दिवा खोटं बोलत नाही.”

“मग माझे दोन हेडलाइट का फुटले? पाणी का आटतं?”

“तुमच्या कंप्युटरलाच विचारा!” ते इतक्या जोरात म्हणाले की समोरचा भाजीवाला वळून बघायला लागला. मीही काही कमी नाही. मी म्हटलं, “कंप्युटरला काय विचारायचंय! मी तुम्हाला विचारतेय. त्रास मी सांगितला, रोग तुम्ही सांगा!”

मला वाटलं, आता हाकलून देणार. पण त्यांनी फळीवरून एक कोरी, भरून ठेवलेली बॅटरी उतरवली. तिला दिवा लावला. बघितलं. “पपई,” म्हणाले. हे शक्यच नव्हतं. दुसरी बॅटरी उतरवली. पपई. मग त्यांनी दिवाच बदलला, खोक्यातला नवा बल्ब काढला. पपई. वायरी बदलल्या, टोकं घासून लख्ख केली. पुन्हा पपई. एकेक करत निर्दोष वस्तू बाजूला काढत जायची त्यांची ती पद्धत मी इतक्या वेळा बघितली होती, आणि ती आता कुठे निघालीय ते मला दिसत होतं.

त्यांनी हात पुसले. “बॅटरी बदलली, दिवा बदलला, वायर बदलली,” ते म्हणाले. “मग राहिलं काय?”

मी मीटर बंद करून पर्समध्ये टाकला.

“बघणारा राहिला,” मिस्त्री म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मला वाटलं, ते डोळ्यांचं काही बोलतील. पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, “किती गाड्या चढवून ठेवल्या असतील हो मी?” आणि बोटांवर मोजत एकेक गाडी, तिचा रंग, तिच्या मालकाची गल्ली आठवायला लागले. अठरा निघाल्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका लोभ वाटला की काय सांगू. काकूंना फोन मीच केला. काकू एवढंच म्हणाल्या, “सोमवारी नंबर लावते.” मिस्त्री म्हणाले, “लाव. पण आधी गाड्या उतरवतो.”

तीन रविवार आम्ही पुण्यात फिरलो. माझी गाडी, त्यांचा स्क्रू ड्रायव्हर, माझा मीटर. ते पिळायचे, मी आकडा सांगायची, चौदाच्या आत आलं की “बास.” मी सुचवलं होतं, मोफत तपासणी करतोय म्हणून सांगू, लोक खूश होतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ गाडी सुरू केली. दर दारात ते स्वतः सांगायचे, “माझी चूक झालीय. डोळ्यात दोष आहे, गाडीत नाही. बॅटरीचं पाणी बघून घ्या.” बहुतेकांनी चहा दिला. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी मात्र दारातच विचारलं, “आणि आता डोळा नीट करून आलात का?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले, “आता या बाईंचा आणलाय.”

आजोबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि किल्ली दिली.

पावसाळ्याच्या आधी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. महिन्याभरानं काळा चष्मा लावून ते बसनं वारज्याला आले. आले ते थेट पार्किंगमध्ये. “बॉनेट उघडा,” म्हणाले. चष्मा काढला, दिवा लावला, मी गाडी चालू केली. ते बघत राहिले. मला राहवेना. “कोणता?” मी विचारलं.

“कोणताच नाही.” त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधीच ऐकला नव्हता. “असलं मंडईत काही मिळत नाही हो.”

म्हणजे ज्याची भीती होती तेच झालं होतं. गाडी त्यांना लखलखीत दिसत होती, रस्ता दिसत होता, माझ्या केसातले पांढरे केससुद्धा दिसत होते, तसं त्यांनी सांगितलंही. फक्त ते पाच रंग गेले होते. मी त्यांना वर नेलं, पोहे केले. त्यांनी ते नुसते चिवडले. काय करावं सुचेना म्हणून मी शेवटी रागावूनच म्हटलं, “पहिल्यांदा तरी तुम्हाला कुणी शिकवलं होतं? बघून बघूनच शिकलात ना? मग आता बघा परत!”

“सत्तराव्या वर्षी?”

“मग काय, ऐंशीव्या वर्षी बघणार आहात?”

पुढच्या रविवारी आठ वाजता दारावरची बेल वाजली. मिस्त्री, पांढरा शर्ट, हातात दिवा. त्यानंतर दर रविवारी. पौर्णिमा सोडून, अर्थातच. मी ड्रायव्हरच्या जागी बसून कमी-जास्त रेस करायची, मधूनच दिवे लावायची, आणि खिडकीतून मीटरचा आकडा ओरडून सांगायची. ते तारेकडे बघत मनाशी काहीतरी बसवत असायचे. भाज्यांची नावं काही परत आली नाहीत, त्यांनी नवी ठेवलीही नाहीत. सोसायटीतले लोक गॅलरीतून विचारायचे, काय बिघडलंय? आम्ही दोघं एकदम म्हणायचो, काही नाही. पहिले तीन-चार रविवार त्यांचा अंदाज पार चुकायचा. मग अर्ध्यानं चुकायचा. मी आतून देवाला, बुद्धाला, जो कोणी रविवारी मोकळा असेल त्याला विनवत असायची.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला मीटर झाकायला सांगितला. मी त्यावर माझी ओढणी टाकली. गाडी चालू होती. मिस्त्री वाकले, काळा चष्मा कपाळावर सरकवला, तारेकडे बघितलं. घाई केली नाही. मग म्हणाले, “तेरा पॉइंट आठ.”

मी ओढणी उचलली. छोटे काळे आकडे समोर होते, तेरा आणि पुढे आठ. माझे डोळे भरून आले, मला दुसऱ्यांदा नीट वाचताही येईना. “अहो, बरोबर!” मी जवळजवळ किंचाळले. “मिस्त्री, अगदी बरोबर!”

त्यांनी दिव्याच्या वायरी सोडवल्या, नीट गुंडाळल्या, चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

“म्हणजे मीटर चांगला आहे तुमचा,” ते म्हणाले.